सोळा खोल्यांची ओळ

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें रक्त आणि संगणक यांवर लेख लिहावा, याचें नेहमींच्या वाचकांस नवल वाटेल. माझें रीतसर शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें पाठशाळेंत व्याकरण झालें, आणि गिरगांवांतील एका शाळेंत तीसांहून अधिक वर्षें शब्द व धातु चालविण्यांत गेलीं. मध्यंतरीं विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले असतां दोन वर्षें नववीच्या वर्गाला रक्तगटांचा धडा मींच दिला. त्या दोन वर्षांच्या विद्येनें मला जी घमेंड आली तिची ही हकीकत आहे. ती अभिमानानें सांगण्यासारखी नाहीं. परंतु ज्या सूनबाईंविषयीं ती आहे त्यांनींच ‘लिहा’ म्हटलें म्हणून लिहितों.

धाकट्या चिरंजीवाचें लग्न होऊन तीन वर्षें झालीं. लग्नानंतरच्या पहिल्याच गणेशोत्सवांत आमच्या वाडींत रक्तदानाचें शिबिर होतें. व्याही व विहीणबाई दर्शनास आले होते. दोघांनींही हौसेनें रक्त दिलें, आणि त्यांचीं कार्डें टेबलावरून आणून देण्याचें काम मजकडे आलें. व्याह्यांचा गट ‘बी’, विहीणबाईंचा ‘एबी’. सूनबाईंचा गट ‘ओ’ आहे हें मला आधींपासून ठाऊक होतें.

कार्डें हातांत घेऊन मी जिन्यांतच थबकलों. मूल आईकडून एक अंश घेतें व बापाकडून एक. एबी गटाच्या आईपाशीं ए आणि बी हे दोनच अंश. तिसरा तिच्यापाशीं नाहींच. मग तिच्या पोटीं ओ गटाचें मूल यावें कसें? हा नियम मीं फळ्यावर चौकोन आंखून मुलांकडून घोकून घेतला होता. माझ्या मनानें तिथल्या तिथें निकाल दिला: मुलगी दत्तक आहे, आणि ही गोष्ट आपणांपासून लपविली आहे.

दत्तक असण्यांत उणेपणा कसला? पण लपविल्याचें शल्य मनांत राहिलें. मीं कोणापाशीं शब्द काढला नाहीं. मात्र सूनबाईंशीं माझें बोलणें मोजकें झालें, आणि व्याह्यांच्या घरीं जाण्याचे प्रसंग मी शिताफीनें टाळूं लागलों. घरांतील माणसांना वाटे, मास्तरांचा स्वभावच तुसडा.

गेल्या वर्षीं सूनबाईंना आठवा महिना लागला असतां वार खालीं असल्याचें निष्पन्न झालें. प्रसूतीच्या वेळीं रक्तस्राव होण्याचा संभव, म्हणून डॉक्टरीणबाईंनीं ओ गटाच्या दोन पिशव्या राखून ठेवण्यास सांगितलें. दादरच्या एका रक्तपेढींत नमुना गेला. पहिल्या पिशवीशीं रक्त जुळवून पाहिलें तों पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसरीशींही तेंच. तिसरी व चौथी आणली, एकही जुळेना. तेथील एका जुन्याजाणत्या तंत्रज्ञांनीं मग एक निराळा थेंब घालून पाहिला. युलेक्स नांवाच्या, पिवळ्या फुलांच्या एका कांटेरी झुडपाच्या बियांपासून तो काढतात. हें झुडूप मूळचें युरोपांतलें, पण आपल्या निलगिरीवरही माजलें आहे. त्या थेंबानें ओ गटाच्या पेशी एकमेकींस चिकटतात. सूनबाईंच्या पेशी जागच्या हलल्या नाहींत. तंत्रज्ञ म्हणाले, “हें ओ नव्हे. हें बॉम्बे रक्त आहे.”

शहराचें अधिकृत नांव १९९५ सालीं मुंबई झालें, रक्ताचें मात्र बॉम्बेच राहिलें. कारण तें नांव जगांतील प्रत्येक रक्तपेढीच्या पुस्तकांत जाऊन बसलें आहे. त्याचा शोध परळास लागला. के. ई. एम. रुग्णालय व त्याला जोडलेलें सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हीं दोन्ही १९२६ सालचीं. तेथील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना असे रुग्ण आढळले कीं ज्यांच्या पेशी ओसारख्या दिसत, पण ओ गटाचें रक्तही त्यांना सोसत नसे. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या शास्त्रज्ञांसह त्यांनीं १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या पत्रांत हा नवा गट जाहीर केला. पुढें १९५७ सालीं रक्तगटांच्या तपासणीसाठीं मुंबईंत एक केंद्र निघालें. तेंच आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या नांवानें के. ई. एम.च्या आवारांत उभें आहे. लालबाग-परळच्या रस्त्यानें मी शेंकडों वेळां गेलों असेन. आपल्या घरची गोष्ट त्या भिंतीआड लिहिलेली आहे याचा मला पत्ता नव्हता.

गोष्ट अशी आहे. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. एका विकराच्या योगें त्या साखळीच्या टोंकास फ्यूकोज नांवाची शर्करा जोडली जाते, आणि एवढें झालें म्हणजे ‘एच’ हें चिन्ह तयार होतें. ए आणि बी हीं चिन्हें या एचवरच चढतात. ज्याच्यापाशीं ए नाहीं व बी नाहीं, नुसतें एच आहे, तो ओ गटाचा. आणि ज्याच्यापाशीं एचच नाहीं, त्याच्या घरीं ए व बीचे अंश वारशानें आलेले असले तरी त्यांना उभें राहण्यास पायरीच नाहीं! असा मनुष्य बॉम्बे गटाचा. त्याच्या रक्तांत ए, बी व एच या तिघांविरुद्ध प्रतिपिंडें असतात, म्हणून ओ गटाचें रक्त त्याला विषासारखें होतें. त्याला केवळ बॉम्बे गटाचेंच रक्त चालतें, आणि अशीं माणसें आपल्याकडे सुमारें दहा हजारांत एक. युरोपांत तर दहा लाखांत एखादें.

याचा अर्थ, कार्डावरील ‘ओ’ हें दिसलेल्या वस्तूचें नांव नव्हेच. साध्या तपासणींत ए-विरोधी थेंब घालतात, बी-विरोधी थेंब घालतात. दोहोंनींही गुठळी झाली नाहीं म्हणजे ओ लिहितात. ओ म्हणजे रिकामी जागा. व्हिएन्नाच्या लँडस्टायनरनें १९०१ सालीं हे गट मांडले तेव्हां या तिसऱ्या गटाला त्यानें ‘सी’ म्हटलें होतें. ओ हें नांव मागाहून पडलें. मीं त्या रिकाम्या जागेंत आपल्या पदरचा अर्थ भरला आणि एका कुटुंबावर लबाडीचा आरोप ठेवून मोकळा झालों.

हें मला त्याच दिवशीं कळावयास हवें होतें. पण तीन वर्षें जपलेला संशय एका वाक्यानें जात नाहीं. बॉम्बे गट असेलही, तरी दत्तक नसेल कशावरून? अशा अवस्थेंत माझी पुतणी घरीं आली. ती जनुकांच्या फाईली वाचण्याचें काम करते. तिनें विचारलें, “काका, वहिनीची जनुकतपासणी झाली होती ना चौथ्या महिन्यांत? त्याची फाईल कुठें आहे?” तपासणी झाली होती, पैसेही चांगले मोजले होते, आणि त्या प्रयोगशाळेनें दोन पानांचा गोषवारा पाठविला होता: ‘उल्लेखनीय कांहीं आढळलें नाहीं.’ मूळ फाईल चिरंजीवाच्या संगणकांत न उघडलेली पडली होती.

पुतणीनें ती उघडली. हजारों ओळी. मनुष्याच्या जनुकांची एक ठरीव आदर्श प्रत शास्त्रज्ञांनीं सिद्ध केली आहे. तिच्याहून तुमची प्रत जेथें जेथें निराळी, तेथली एकेक ओळ. ग्रंथाच्या संशोधित आवृत्तींत तळटीपेंत पाठभेद देतात तशी ही पाठभेदांची वही म्हणा. प्रत्येक ओळींत गुणसूत्र कोणतें, स्थान कोणतें, मूळ अक्षर कोणतें, बदललेलें कोणतें, इतकें सरळ असतें. त्यापुढें टीपेचा जो रकाना येतो तेथें डोळे गरगरतात. पुतणीनें एक ओळ मोठी करून दाखविली. रोमन अक्षरांतली ती ओळ आपल्या लिपींत कांहींशी अशी होईल, मधले लांबलचक क्रमांक गाळून: सी|मिसेन्स|मॉडरेट|एफयूटी१|… |सी.७२५टी>जी|पी.लेउ२४२आर्ग|… |७२५/१०९८|२४२/३६५||

मला आनंद झाला. हे तर आपले दंड! एक दंड म्हणजे अर्धा श्लोक, दोन दंड म्हणजे श्लोक संपला. मीं पेन्सिल घेतली आणि पुतणीच्या देखत अन्वय लावूं लागलों. वर किल्ली होतीच. फाईलीच्या मस्तकीं दुहेरी खुणेनें सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्यांतील एकींत या रकान्यांतील सोळा भागांचीं नांवें क्रमानें दिलेलीं असतात. पहिला भाग बदललेलें अक्षर, दुसरा बदलाची जात, तिसरा परिणामाची पायरी, चौथा जनुकाचें नांव, असें करीत पंधरावा ‘अंतर’ आणि सोळावा ‘दोष’. चौदा भागांपर्यंत माझें बिनचूक जुळलें. दुहेरी दंड आला, श्लोक संपला असें समजून मी पुढें गेलों. पुढें स्वल्पविराम आणि पुन्हा ‘सी|मिसेन्स’. तेव्हां पंधरावा सी व सोळावा मिसेन्स! मी विजयानें म्हणालों, “पाहा, यंत्रानेंच दोषाच्या रकान्यांत लिहिलें आहे.”

पुतणी हंसूं लागली. “काका, आपल्या चाळींत पंधराव्या खोलीला कुलूप असलें तर सतरावी खोली पंधरावी होते का?”

दुहेरी दंड हा शेवट नव्हताच. ती दोन रिकाम्या खोल्यांची कड होती. पंधरा दंड, सोळा खोल्या. ज्या खोलींत सांगण्यासारखें कांहीं नाहीं ती रिकामी ठेवतात, पण तिचा क्रमांक काढून घेत नाहींत. अंतर नाहीं, दोष नाहीं, म्हणून शेवटच्या दोन खोल्या रिकाम्या. स्वल्पविरामानंतर तोच बदल पुन्हा सांगितला होता, कारण एका जनुकाच्या नकला एकाहून अधिक तऱ्हांनीं निघतात व प्रत्येक नकलेची टीप निराळी असते. पाणिनीची अष्टाध्यायी शिकलेल्या माणसानें लोप म्हणजे कांहींच नाहीं असें समजावें, याची मला लाज वाटली. लोप झालेल्या प्रत्ययाचेंही कार्य व्याकरणांत चालू राहतें, हें मीं किती मुलांना सांगितलें असेल!

मग मात्र मी विद्यार्थी होऊन बसलों. दहाव्या खोलींतील लहान लिपींतला ‘सी’ हा त्या बदलाचा भागच नव्हे. धातुपाठांत कृ धातु ‘डुकृञ्’ असा पढतात. डु आणि ञ् हीं अक्षरें धातूचीं नव्हत, तीं धातूवर कोणतें कार्य व्हावें याच्या खुणा. तसाच हा सी सांगतो कीं पुढचा आंकडा जनुकाच्या प्रथिन लिहिणाऱ्या भागांतला मोजावा, आणि ‘पी’ सांगतो कीं प्रथिनांतला मोजावा. सातशें पंचविसाव्या स्थानीं टी होता, जी झाला. तीन अक्षरांचें एक पद, म्हणून तें दोनशें बेचाळिसावें पद; तेथें ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जागीं आर्जिनीन आलें. ३६५ पदांचें प्रथिन, त्यांतलें एक पद बदललें. एफयूटी१ हें एच चिन्ह घडविणाऱ्या त्याच विकराचें जनुक.

तरी माझी एक शंका होती. ओळीच्या आरंभीं मूळ अक्षर ए व बदललेलें सी असें लिहिलें होतें (हा ए जनुकलिपींतला, रक्तगटाच्या एशीं त्याचा संबंध नाहीं). आंत मात्र टी जाऊन जी आल्याचें म्हटलें होतें. चूक नक्की कोणाची? कोणाचीच नाहीं. जनुकाचा धागा दुपदरी असतो, एका पदरावर ए असेल तेथें समोर टी, सी असेल तेथें समोर जी. फाईल नेहमीं एकच ठरलेला पदर वाचते, आणि एफयूटी१ हें जनुक समोरच्या पदरावर लिहिलेलें आहे. फाईलींतला ए-सी आणि पुस्तकांतला टी-जी हा एकच बदल आहे. हें ठाऊक नसलेला मनुष्य पुस्तकांत टी-जी वाचून फाईलींत टी-जी शोधील, आणि सांपडत नाहीं म्हणून बिनधोक झोपीं जाईल.

पुतणीनें तीच फाईल दुसऱ्या एका प्रणालींतून काढून दाखविली, तेव्हां आणखी एक गंमत दिसली. कांहीं ओळींत पदाच्या क्रमांकापुढें ‘%३डी’ असें होतें. मला वाटलें, हा एखादा नवा रोग. तें नुसतें बरोबरीचें चिन्ह होतें. अक्षर बदललें पण अमिनो आम्ल तेंच राहिलें, हें दाखविण्यास बरोबरीचें चिन्ह लिहितात. परंतु फाईलीच्या त्या रकान्यांत नांव आणि किंमत यांच्यामध्यें तेंच चिन्ह आधींच कामास लावलेलें असतें. एकाच चिन्हाकडे दोन कामें नकोत, म्हणून आंतल्या चिन्हाला असा बुरखा घालतात. संगणकाच्या वर्णमालेंत प्रत्येक चिन्हास क्रमांक आहे, आणि तो येथें दहांऐवजीं सोळांच्या हिशेबानें लिहितात, दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांना ए ते एफ हीं अक्षरें योजून. डी म्हणजे तेरा. तीन सोळा अठ्ठेचाळीस आणि तेरा, एकसष्ट. एकसष्टावें चिन्ह बरोबरीचें. जुन्या ग्रंथांत ‘वेदबाण’ लिहिलें असतां चार व पांच हे अंक उजवीकडून डावीकडे मांडून चोपन्न वाचावयाचे. रीत ठाऊक नसलेला पंचेचाळीस वाचतो. प्रकार तोच.

आतां मुख्य प्रश्न. इतकें सगळें फाईलींत असतां गोषवाऱ्यांत ‘उल्लेखनीय कांहीं नाहीं’ कसें आलें? उत्तर तिसऱ्या खोलींत होतें. तेथें ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यम, असा शब्द होता. एखादें पद बदलणें हा मध्यम जातीचा बदल. प्रथिन अर्ध्यावरच तुटणें हा तीव्र जातीचा. प्रणाली हें वर्गीकरण बदलाच्या आकारावरून आपोआप करते. त्या बदलानें त्या माणसाचें काय होईल याची तिला गंधवार्ता नसते. गोषवारा करणारानें तीव्र तेवढ्या ओळी ठेविल्या व बाकीच्या चाळून टाकल्या असाव्यात, असें पुतणीचें मत पडलें. हजारों ओळी माणसानें वाचाव्यात असें कोणी म्हणणार नाहीं, चाळण हवीच. पण चाळणीचें भोंक केवढें ठेविलें होतें हें गोषवाऱ्यांत एका ओळीनें सांगितलें असतें, तर आम्हीं ‘कांहीं नाहीं’ याचा अर्थ ‘कांहीं नाहीं’ असा घेतला नसता. ज्या बदलामुळें ओ गटाची पिशवी प्राणावर बेतली असती, त्याच्या कपाळीं ‘मध्यम’ लिहिलेलें होतें.

ओळीच्या शेवटीं १/१ असें होतें. शून्य म्हणजे आदर्श प्रतीचें अक्षर, एक म्हणजे बदललेलें. ०/१ असतें तर एका बाजूनें बदल, दुसऱ्या बाजूनें मूळ. अशा माणसाचें एच चिन्ह शाबूत राहतें. १/१ म्हणजे दोन्ही बाजूंनीं तोच बदल: आईकडूनही आणि बापाकडूनही. भारतीय बॉम्बे गटांत हा बदल व त्याच्या शेजारचें एफयूटी२ जनुक समूळ गळालेलें असणें, अशी जोडी असते, हें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें आहे. शेजारचें गळालेलें जनुक मात्र आमच्या फाईलींत दिसेना. पुतणी म्हणाली, ही फाईल बारीकसारीक पाठभेदांची. पानच्या पान फाटलें असेल तर तें शोधण्याची रीत निराळी.

मी १/१ कडे पाहत राहिलों. पुतणीनें कागदावर चौकोन आंखला, अगदीं मी फळ्यावर आंखीत असें तसा. आई एबी, बाप बी, आणि दोघांपाशींही एचचा एकेक लंगडा अंश. असें असतां मुलीला दोन्ही लंगडे अंश येण्याचा संभव चारांत एक; आणि तसें झालें तर तिच्यापाशीं ए वा बी असूनही कार्डावर ओ लागणार. नियम खोटा ठरला नव्हता. मीं ज्या कार्डाला नियम लावला तें कार्डच ‘ओ’ म्हणत नव्हतें.

भावंडांतही हाच चारांत एकाचा हिशेब. डोंबिवलीस राहणारे सूनबाईंचे थोरले बंधु दुसऱ्या दिवशीं दादरला आले. त्यांच्या कार्डावरही ओच होता. युलेक्सचा थेंब घातला, पेशी हलल्या नाहींत. त्यांची एक पिशवी राखून ठेवली. रक्तपेढीनें बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादींतून आणखी एक गृहस्थ बोलाविले. ते कोण, कोठले, हें आम्हांला सांगितलें नाहीं. रात्रीं दहा वाजतां येऊन रक्त देऊन गेले एवढेंच कळलें.

रुग्णालयांत जाण्याच्या आदल्या दिवशीं मीं सूनबाईंना सर्व सांगितलें: जिन्यांतलीं कार्डें, फळ्यावरचा चौकोन, दत्तकाची कल्पना. त्यांनीं ऐकून घेतलें. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “बाबा, मला वाटे माझ्या हातचें जेवण तुम्हांला आवडत नाहीं.” यावर मला उत्तर सुचलें नाहीं. व्याह्यांकडे मी मात्र अद्याप हें बोललों नाहीं. हा अंक त्यांच्या घरीं जातोच.

प्रसूति शस्त्रक्रियेनें झाली. एक पिशवी लागली, तीही डोंबिवलीची. मुलगा झाला. चौथ्या दिवशीं त्याचें कार्ड हातीं आलें, तें सूनबाईंनीं माझ्यापुढें धरलें. बापाचा गट ओ, खराखुरा ओ. आईच्या जुन्या कार्डावर ओ. आणि मुलाच्या कार्डावर बी.

“घ्या बाबा,” त्या म्हणाल्या, “आतां याचा चौकोन आंखा.”

मीं पेन्सिल मागितली.